फॉस्फो-स्टॅट-१ ची अँटिबॉडी: बाटली उघडण्याआधीपासून बँड वाचेपर्यंत

फॉस्फो-अँटिबॉडीने, म्हणजे प्रथिनावर बसलेलं फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटिबॉडीने, वेस्टर्न ब्लॉटवर (जेलमधून मेम्ब्रेनवर उतरवलेल्या प्रथिनांवर) हवा तसा बँड दिला नाही की पहिला संशय बाटलीवर जातो. लॉटच खराब असेल, डायल्यूशन चुकलं असेल, दुसऱ्या कंपनीची मागवून बघू. अँटिबॉडी वाईट असू शकते, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा जे बिनसायचं ते ती फ्रीजरमधून निघण्याआधीच बिनसलेलं असतं: पेशी खरवडताना, बफर गार व्हायची वाट बघताना, व्हॅनेडेट (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांचा रोधक) न उकळताच मिसळताना. अँटिबॉडीला दिसतं ते तुम्ही जपून ठेवलेलं फॉस्फेट. म्हणून या लेखात लायसिसला, म्हणजे पेशी फोडण्याला, जास्त जागा दिली आहे आणि ब्लॉटच्या सर्वपरिचित पायऱ्या भराभर उरकल्या आहेत.

उदाहरणासाठी स्टॅट-१ घेतो. रोगप्रतिकारशक्तीच्या संदेशवहनातलं हे चांगलंच अभ्यासलेलं प्रथिन आहे, आणि त्यावर काम करताना येणाऱ्या अडचणी स्टॅट-३, आयआरएफ-३ किंवा टीबीके-१ या प्रथिनांच्या फॉस्फो-अँटिबॉडीलाही बऱ्याच अंशी लागू पडतात.

अँटिबॉडी नेमकं काय ओळखते

इंटरफेरॉन-गॅमा हा सायटोकाइन (पेशींमधला संदेशवाहक) पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटला की जॅक-१ आणि जॅक-२ ही कायनेझ (फॉस्फेट बसवणारी एन्झाइमं) जागी होतात आणि स्टॅट-१ च्या ७०१ क्रमांकाच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतात. इंटरफेरॉन-अल्फा किंवा बीटा असेल तर हेच काम जॅक-१ आणि टिक-२ करतात. फॉस्फेट बसलेले दोन रेणू एकमेकांना धरतात: एकाचा फॉस्फोटायरोसिन दुसऱ्याच्या एसएच-२ डोमेनमध्ये अडकतो, आणि ही जोडी केंद्रकात जाऊन डीएनएवर बसते. इंटरफेरॉन-अल्फाच्या बाबतीत स्टॅट-१ मुख्यतः स्टॅट-२ आणि आयआरएफ-९ सोबत त्रिकूट करून जातो.

आपली अँटिबॉडी ओळखते ते ७०१ चं फॉस्फेट आणि त्याच्या आजूबाजूची चार-सहा अमिनो आम्लं. बस, एवढंच. स्टॅट-१ जनुक चालू करतोय का, ७२७ क्रमांकाच्या सेरिनवर फॉस्फेट आहे का, जोडी डीएनएवर बसली का, यातलं काहीही तिला कळत नाही. ‘सक्रिय स्टॅट-१ ची अँटिबॉडी’ हा शब्दप्रयोग सोयीचा आहे, पण निष्कर्ष लिहिताना तो जपून वापरावा.

वर सांगितलेल्या रचनेचा एक व्यावहारिक परिणाम आहे. जोडीत असताना ७०१ चा फॉस्फोटायरोसिन दुसऱ्या रेणूच्या खोबणीत दडलेला असतो. वेस्टर्न ब्लॉटमध्ये एसडीएस हा डिटर्जंट प्रथिनाची घडी मोडतो, त्यामुळे अडचण येत नाही. फ्लो सायटोमेट्री किंवा इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये (एकेक पेशी रंगवून बघण्याच्या पद्धतींमध्ये) मात्र घडी मोडण्याचं काम मिथेनॉलला करावं लागतं. सौम्य डिटर्जंट वापरून सिग्नल आला नाही म्हणून अँटिबॉडी परत पाठवणारे लोक हीच गोष्ट विसरतात.

खरेदीआधी डेटाशीटमध्ये काय बघायचं

शक्यतो रॅबिट मोनोक्लोनल (एकाच क्लोनची), रिकॉम्बिनंट असेल तर उत्तम. पॉलिक्लोनलमध्ये (अनेक अँटिबॉडींच्या मिश्रणात) लॉटगणिक फरक पडतो, आणि फॉस्फो-अँटिबॉडीत तो जास्त जाचतो, कारण फॉस्फेट नसलेल्या पेप्टाइडला चिकटणारा अंश कितपत काढून टाकला आहे हे दर लॉटला बदलतं.

डेटाशीटमध्ये सगळ्यात आधी कंट्रोलचं चित्र शोधा. न उत्तेजित केलेली आणि उत्तेजित केलेली लेन शेजारी-शेजारी असणं ही किमान अपेक्षा. स्टॅट-१ नसलेल्या पेशींची लेन असेल तर सोन्याहून पिवळं. मग प्रजाती बघा. ७०१ भोवतालचा क्रम माणूस आणि उंदीर यांच्यात जवळपास सारखा असल्याने एकच अँटिबॉडी दोन्हींत चालते, पण इंटरफेरॉन-गॅमा स्वतः प्रजातीबद्ध आहे. मानवी इंटरफेरॉन-गॅमा उंदराच्या पेशींना कळत नाही. उंदराच्या मॅक्रोफेजवर मानवी सायटोकाइन घालून दिवसभर ‘सिग्नल का येत नाही’ म्हणत बसायचं नसेल तर व्हायलवरचं लेबल दोनदा वाचा.

तिसरी गोष्ट, सख्ख्या नातेवाइकांशी गोंधळ. स्टॅट-३ मध्ये ७०५ क्रमांकाचा टायरोसिन अगदी याच कामासाठी आहे, आणि त्याचा आकार सुमारे ८६ किलोडाल्टन आहे. स्टॅट-१ चे दोन बँड ९१ आणि ८४ च्या आसपास येतात: अल्फा ७५० अमिनो आम्लांचा, बीटा ७१२ चा, शेपटाकडची ३८ नसलेला. म्हणजे क्रॉस-रिॲक्शन झालीच तर ती बरोबर या दोघांच्या मध्ये लपून बसेल. केवळ आकारावरून तिचा छडा लागणार नाही.

प्रयोगाची आखणी

स्टॅट-१ चं फॉस्फोरिलेशन झटपट होतं आणि टिकत नाही. इंटरफेरॉन-गॅमा दिल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटांत शिखर गाठतं, मग केंद्रकातलं टीसी-४५ हे फॉस्फेटेझ फॉस्फेट काढू लागतं आणि शिवाय एसओसीएस-१ हे प्रथिन जॅकला आवर घालतं. किती वेळात उतरेल हे पेशीवर अवलंबून आहे. म्हणून पहिल्याच प्रयोगात ०, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटं असा वेळक्रम लावा. एकच बिंदू घेऊन पुढे जाण्याची घाई करू नका.

हेला पेशी चांगला पॉझिटिव्ह कंट्रोल आहेत. इंटरफेरॉन-अल्फा आणि गॅमा दोन्हींना छान प्रतिसाद देतात. सहा-वेल प्लेटमध्ये ७० ते ८० टक्के भरल्या की सीरम कमी करून काही तास ठेवा. स्टॅट-१ साठी उपाशी ठेवणं दरवेळी लागतंच असं नाही, आणि रात्रभर उपाशी ठेवलेल्या प्राथमिक पेशी स्वतःच त्रासलेल्या असतात. आधी नेहमीच्या मीडियात बेसलाइन बघा. ती स्वच्छ असेल तर उगाच छळू नका.

इंटरफेरॉन-गॅमा २० नॅनोग्रॅम प्रति मिली हा सुरुवातीला ठीक आकडा आहे. मीडिया बदलण्यानेही पेशी दचकतात, म्हणून सायटोकाइन दहापट तीव्रतेने गरम मीडियात बनवा आणि वेलमध्ये नुसतं टाका. न उत्तेजित वेलमध्ये तेवढाच रिकामा मीडिया टाका. आणि क्रम उलटा लावा: १२० मिनिटांच्या वेलला सगळ्यात आधी, १५ च्या वेलला शेवटी. मग सगळ्या वेल एकाच क्षणी थांबवता येतात.

याच प्लेटवर आणखी एक वेल ठेवा: एक मायक्रोमोलर रक्सोलिटिनिब ३० ते ६० मिनिटं आधी, मग इंटरफेरॉन. हा जॅक-१ आणि जॅक-२ चा रोधक आहे. इथे बँड गेला पाहिजे. बाकी वेलमध्ये तेवढंच डीएमएसओ (रोधकाचं द्रावक) टाकायला विसरू नका.

एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक) वापरून स्टॅट-१ बघणाऱ्यांसाठी एक सूचना. मॅक्रोफेजमध्ये एलपीएसने येणारा ७०१ चा सिग्नल बहुतांशी दुसऱ्या हाताचा असतो. आधी आयआरएफ-३ मार्फत इंटरफेरॉन-बीटा तयार होतो, तो बाहेर पडतो आणि त्याच पेशींच्या रिसेप्टरवर बसतो. त्यामुळे तो दोन-चार तासांनी दिसतो. अर्ध्या तासात काही दिसलं नाही तर अँटिबॉडीला दोष देऊ नका. उशीर कशामुळे झाला तेच तिथे शोधायचं आहे. इंटरफेरॉन-अल्फा-बीटाचा रिसेप्टर अडवणारी अँटिबॉडी घातली की तो सिग्नल उतरतो, आणि मग मुद्दा सिद्ध होतो.

लायसिस: इथे घाई आणि काटेकोरपणा दोन्ही हवेत

पेशी फुटली की फॉस्फेटेझ आणि त्यांचं भक्ष्य एकाच बफरमध्ये येतात, तर कायनेझला लागणारं एटीपी पातळ होऊन निकामी ठरतं. त्या क्षणापासून फॉस्फेट फक्त कमी होऊ शकतं.

टायरोसिन फॉस्फेटेझ रोखायला सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट लागतं, १ मिलीमोलर. पण पावडर पाण्यात विरघळवून टाकली की झालं, असं नाही. द्रावणात व्हॅनेडेटचे रेणू एकमेकांना चिकटून पिवळसर-केशरी डेकाव्हॅनेडेट बनतं, आणि ते कामाचं नसतं. २०० मिलीमोलर स्टॉक बनवा, पीएच १० ला आणा, द्रावण पिवळं दिसेल. रंग पूर्ण जाईपर्यंत उकळा, थंड करा, पीएच पुन्हा १० ला आणा. पीएच १० वर टिकून द्रावण बिनरंगी राहीपर्यंत हे चक्र करा. मग छोटे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा. काढल्यावर पिवळं दिसलं तर टाकून द्या. विषारी आहे, हातमोजे घाला.

व्हॅनेडेटचे दोन शत्रू बफरमध्येच बसलेले असतात. ईडीटीए त्याला बांधून टाकतं आणि त्याचा रोध उलटवतं. डीटीटी त्याचं क्षपण करतं. बाजारातल्या आणि जुन्या वहीतल्या रिपा या नेहमीच्या लायसिस बफरच्या कित्येक कृतींमध्ये ईडीटीए असतंच. फॉस्फोटायरोसिनसाठी ते वगळा, आणि डीटीटी फक्त नमुना उकळताना सँपल बफरमधून येऊ द्या. सेरिन-थ्रिओनिनच्या फॉस्फेटेझसाठी सोडियम फ्लुओराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, शिवाय प्रोटीएझ रोधक. तयार कॉकटेल वापरत असाल तर त्यात टायरोसिन फॉस्फेटेझचा रोधक आहे का हे वाचा. काही कॉकटेल फक्त सेरिन-थ्रिओनिनसाठी असतात.

आता खरा प्रश्न: रिपा की सरळ एसडीएस? माझा कौल एसडीएसला. कारण ३० मिनिटांनी फॉस्फो-स्टॅट-१ केंद्रकात असतो, त्यातला काही डीएनएवर. सौम्य ट्रायटन बफरने लायसिस करून सेंट्रिफ्यूज केलं तर नेमका हाच भाग तळाच्या गोळ्यात जाऊन कचऱ्यात पडू शकतो. वरच्या द्रवात एकूण स्टॅट-१ भरपूर दिसतो आणि फॉस्फो-सिग्नल मात्र मरतुकडा.

पद्धत अशी. मीडिया ओढून घ्या. बर्फगार, व्हॅनेडेट घातलेल्या पीबीएसने एकदाच धुवा आणि शेवटचा थेंबही काढा. १०० ते १५० मायक्रोलिटर गरम १ टक्का एसडीएस बफर, व्हॅनेडेटसह, थेट पेशींवर टाका. खरवडा, ट्यूबमध्ये घ्या, ९५ अंशांवर पाच मिनिटं. डीएनएमुळे नमुना शेंबडासारखा लांबतो, तो थोडा वेळ सोनिकेट करा किंवा बारीक सुईतून पाच-सहा वेळा ओढा. प्रथिनाचं मोजमाप बीसीएने करा, त्याला एसडीएस चालतं. ब्रॅडफर्डला चालत नाही. डीटीटी मोजमापानंतर घाला, कारण बीसीएला ते चालत नाही.

उत्तेजित केल्यानंतर पेशी ट्रिप्सिनने सोडवू नका, कधीच. त्या दहा मिनिटांत सगळी गोष्ट बदललेली असते.

जेल, ट्रान्सफर, अँटिबॉडी

हा भाग बहुतेकांना पाठ असतो. ७.५ किंवा ८ टक्क्यांचं जेल, प्रत्येक लेनला २० ते ३० मायक्रोग्रॅम, आणि ९१ व ८४ वेगळे दिसायला हवे असतील तर रन लांबवा. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन मिथेनॉलने ओली करून वेट ट्रान्सफर, १०० व्होल्टवर तास-सव्वा तास, टाकी थंड ठेवून. पाँसो हा रंग लावून ट्रान्सफर सारखी झाली का बघा, फोटो काढून ठेवा.

ब्लॉकिंगबद्दल एक नियम सगळीकडे सांगितला जातो: फॉस्फो-अँटिबॉडीला दूध चालत नाही, कारण त्यातलं केसिन स्वतः फॉस्फोप्रथिन आहे. अर्धसत्य आहे. केसिनवरची फॉस्फेटं मुख्यतः सेरिनवर असतात, त्यामुळे ७०१ च्या टायरोसिनसाठी बनलेली अँटिबॉडी दुधात चक्क नीट चालू शकते, कधीकधी पार्श्वभूमीही स्वच्छ येते. तरी सुरुवात ५ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) आणि टीबीएस-ट्वीनने करा, कारण बहुतेक डेटाशीटची चाचणी त्यातच झालेली असते. पीबीएसऐवजी टीबीएस, म्हणजे मोकळ्या फॉस्फेटचा प्रश्नच येत नाही.

प्रायमरी, म्हणजे आपली फॉस्फो-अँटिबॉडी, १:१००० पासून, ५ टक्के बीएसएमध्ये, रात्रभर ४ अंशांवर हलवत. सकाळी टीबीएस-ट्वीनने तीन-चार वेळा धुवा. एचआरपी हे एन्झाइम जोडलेली सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी अँटिबॉडी) १:५००० ते १:१०,००० तासभर, पुन्हा धुणं, मग ईसीएल (एचआरपीने उजळणारं सब्सट्रेट). प्रायमरीचं द्रावण पुन्हा वापरायला सोडियम अझाइड घालणार असाल तर ते सेकंडरीच्या टप्प्यापर्यंत येऊ देऊ नका, एचआरपी मरते.

एकूण स्टॅट-१ त्याच नमुन्यांवर हवाच. स्ट्रिपिंग करून (मेम्ब्रेनवरची अँटिबॉडी काढून) पुन्हा प्रोब करायचं तर आधी फॉस्फो, नंतर एकूण. स्ट्रिपिंगमध्ये थोडं प्रथिन जातंच, आणि अर्धवट स्ट्रिप झालेल्या मेम्ब्रेनवर जुना सिग्नल नवा म्हणून मोजला जातो. सेकंडरी आणि ईसीएल लावून रिकामी मेम्ब्रेन एकदा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याहून बरं म्हणजे एकाच वेळी दोन रंग: फॉस्फोसाठी रॅबिट, एकूणसाठी माउस अँटिबॉडी, दोन फ्लुओरेसंट सेकंडरी. फक्त माउस अँटिबॉडी प्रथिनाच्या एन-टोकाकडची निवडा, ७०१ जवळची नको, नाहीतर दोघी एकमेकींच्या जागेवर भांडतील.

बँड आला. आता त्याच्यावर विश्वास कधी ठेवायचा?

उत्तेजनाने वाढला, रक्सोलिटिनिबने गेला, हे दोन पुरावे चांगले आहेत. पण नीट बघा: स्टॅट-३ च्या फॉस्फेटलाही हेच दोन्ही लागू होतं. जॅक रोधकाने तोही जातो. म्हणून हे कंट्रोल ‘जॅकच्या वाटेवरचं काहीतरी’ एवढंच सांगतात.

फॉस्फेटबद्दलची खात्री लॅम्डा फॉस्फेटेझने होते. मेम्ब्रेनच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या, एकीवर मँगनीज असलेल्या बफरमध्ये एन्झाइम, दुसरीवर नुसता बफर. फॉस्फो-सिग्नल एन्झाइमच्या पट्टीवर जायला हवा आणि एकूण स्टॅट-१ दोन्हीकडे तसाच राहायला हवा. लायसेटवर (फोडलेल्या पेशींच्या द्रावणावर) करायचं असेल तर तो नमुना फॉस्फेटेझ रोधकांशिवाय बनवावा लागतो, तेव्हा एक वेल वेगळी ठेवा.

प्रथिनाबद्दलची खात्री फक्त स्टॅट-१ नसलेल्या पेशी देतात. क्रिस्परने बनवलेली नॉकआउट लाइन किंवा जुनी यू-३-ए लाइन, जी स्टॅट-१ नसल्यामुळेच इंटरफेरॉनच्या संशोधनात प्रसिद्ध झाली. तिथे इंटरफेरॉन देऊनही बँड आला तर तो दुसऱ्या कुणाचा आहे. ब्लॉकिंग पेप्टाइडला मी या रांगेत शेवटी ठेवतो. पेप्टाइडने सिग्नल गेला म्हणजे अँटिबॉडी पेप्टाइडला चिकटते एवढंच कळतं, आणि क्रॉस-रिॲक्शनचा बँडही त्याने जातो.

मोजमाप करायचं असेल तर पॉझिटिव्ह लायसेटची पातळ होत जाणारी मालिका एकदा चालवा: पूर्ण, अर्धा, पाव, अष्टमांश. बँडची तीव्रता त्याच प्रमाणात उतरली तरच आकड्यांना अर्थ आहे. मधोमध पोकळ दिसणारा पांढरा बँड म्हणजे एचआरपीने सब्सट्रेट संपवलं. तिथे प्रायमरी किंवा सेकंडरी कमी करा.

आणि भागाकार कशाने करायचा? इथे स्टॅट-१ चा खास सापळा आहे. स्टॅट-१ चं जनुक स्वतःच इंटरफेरॉनने वाढतं. पहिल्या तासाभरात एकूण पातळी फारशी हलत नाही, म्हणून फॉस्फो भागिले एकूण हे गुणोत्तर चालतं. २४ तासांच्या नमुन्यात मात्र एकूण स्टॅट-१ बराच चढलेला असतो, आणि गुणोत्तर घसरलेलं दिसतं, भले फॉस्फो-स्टॅट-१ ची प्रत्यक्ष मात्रा कमी झालेली नसेल. अशा वेळी फॉस्फो आणि एकूण, दोन्ही व्हिंक्युलिन किंवा ट्यूब्युलिनसारख्या स्थिर प्रथिनाच्या तुलनेत वेगवेगळे दाखवा. हे केवळ पुस्तकी नाही. स्टॅट-१ च्या अतिक्रियाशील उत्परिवर्तनांमुळे त्वचा आणि श्लेष्मल आवरणाचा चिवट कँडिडा संसर्ग होतो हे २०११ मध्ये पुढे आलं. अशा रुग्णांच्या पेशींत फॉस्फो-स्टॅट-१ जास्त का दिसतो, फॉस्फेट उशिरा निघतं म्हणून की एकूण प्रथिनच जास्त आहे म्हणून, यावर पुढे बराच खल झाला. एकूण प्रथिन सोबत न मोजणाऱ्या ब्लॉटला त्यात मत देता येत नाही.

फ्लो सायटोमेट्रीवर नेताना

रक्ताच्या मिश्र पेशींत कोण प्रतिसाद देतंय हे बघायचं असेल तर ब्लॉट निरुपयोगी, फ्लो हवा. उत्तेजनाची वेळ संपली की पेशी धुवायला न जाता थेट ट्यूबमध्येच फॉर्मल्डिहाइड घाला, अंतिम १.५ ते २ टक्के, दहा मिनिटं. मग गोळा सैल करून, हलवत, बर्फगार ९० टक्के मिथेनॉल. न हलवता ओतलं तर पेशींचे गठ्ठे होतात. मिथेनॉलमध्ये त्या उणे २० अंशांवर काही काळ ठेवताही येतात, हा मोठाच फायदा. तोटा असा की मिथेनॉल पीई आणि एपीसीसारखे प्रथिनरूपी रंग नष्ट करतं आणि काही पृष्ठभागावरच्या मार्करांची ओळख पुसतं, तेव्हा मार्कर आणि रंग मिथेनॉलला टिकणारे निवडा किंवा मिथेनॉलनंतर लावा. तुलना आयसोटाइप कंट्रोलशी (त्याच प्रकारच्या, पण लक्ष्य नसलेल्या अँटिबॉडीशी) नको, त्याच दात्याच्या न उत्तेजित पेशींशी करा. मोनोसाइट आहेत म्हटल्यावर एफसी ब्लॉक (त्यांच्या एफसी रिसेप्टरला अँटिबॉडी उगाच चिकटू नये म्हणून) आलाच.

ठेवण आणि नोंदी

५० टक्के ग्लिसरॉलमधली अँटिबॉडी उणे २० अंशांवर गोठत नाही, तिचे छोटे भाग करायची गरज नाही. उलट चिमूटभर द्रावण ट्यूबच्या भिंतीला चिकटून वाया जातं. ग्लिसरॉल नसेल तर मात्र भाग करा. बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीजर टाळा, तो आतून तापमान वरखाली करत असतो.

वहीत क्लोनचं नाव, कॅटलॉग क्रमांक, लॉट, आरआरआयडी (संशोधन-साहित्याचा ओळख क्रमांक), डायल्यूशन, कशात पातळ केली, आणि एक्स्पोजरची वेळ. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह लायसेट एकदाच मोठ्या प्रमाणात बनवा, उकळलेल्या सँपल बफरमध्येच, एका जेलपुरते भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. दर ब्लॉटवर त्यांच्या दोन लेन. नवा लॉट आला की जुना संपायच्या आत, त्याच दोन लायसेटवर, एकाच मेम्ब्रेनचे दोन तुकडे करून दोन्ही लॉट शेजारी-शेजारी चालवा आणि नव्या बाटलीवर तारीख व योग्य ठरलेलं डायल्यूशन मार्करने लिहून टाका.